आमच्या ह्यांना फोन लाव

जयवंताने नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, आणि तेही करवल्या दार अडवून बसल्या म्हणून. त्यानंतर संसार झाला, मुलगा झाला, सून आली, पण ते नाव काही तिच्या तोंडून पुन्हा बाहेर पडलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. आईने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी जयवंताने सोयीप्रमाणे कधीच सोडून दिल्या होत्या, ही एक मात्र घट्ट धरून ठेवली. त्यात नवऱ्याचं नाव धाकलू. म्हणजे धाकटा, धाकला असले साधे शब्दसुद्धा गेले. धाकट्या दिराला ती जन्मभर 'लहान भावजी' म्हणत आली, आणि तो बिचारा टक्कल पडून आजोबा झाला तरी लहानच राहिला.

चौक गावाच्या अलीकडे जुन्या महामार्गावरून आत वळलं की भाताच्या खाचरांमधून एक रस्ता जातो. त्याच्या टोकाला त्यांचं गाव. धाकलू तिथून मोहोपाड्याला जायचा, एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर. पाळी सुटून गेली तरी तो घरी आला नाही की जयवंता दारात येरझाऱ्या घालायची. मग ती पदर खोचून निघायची ती थेट दामूच्या दुकानात, कारण गावातला एकुलता एक फोन तिथे होता.

"दामू, कंपनीत लाव बरं."

दामू नंबर फिरवायचा. पलीकडून गेटवरचा माणूस खेकसायचा, "कोण पायजे?" त्याबरोबर जयवंता हातात निखारा पडावा तसा रिसीव्हर दामूकडे टाकायची, आणि दामू तेलाचं माप भरता भरता सांगायचा, "धाकलू, बॉयलरवाला. त्याची बायको विचारतेय." ह्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. गिऱ्हाइकं तेवढ्यापुरती थांबत. बाईने नाव घ्यायचं नाही, तर मध्ये कुणीतरी ते घ्यायचं, एवढं शहाणपण तेव्हा दुकानदारापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांकडे होतं.

मग फोन घरोघर आले, खिशात आले, आणि दामूची ती मधली जागा गेली.

पहिला आला तो बटणांचा. जयवंताला अक्षरओळख नव्हती. मुलगा रुपेश तेव्हा कॉलेजात होता. त्याने दोनच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सांगितलं, "हे दाबून धर, बाबांना लागतो." वाचता येत नसलं तरी लाल रंग कळत होताच की. ती ठिपका दाबायची, धाकलू बोलायचा, नावाचा प्रश्नच नाही. त्या फोनवर तिचा फार जीव होता. तो गुरांच्या हौदात पडून गेला तेव्हा ती जेवली नव्हती.

नंतर आला काचेचा. त्यात धाकलूचा फोटो होता, फोटोला बोट लावलं की झालं. पण भात लावून, शेणाने सारवून आणि राखेने भांडी घासून घासून जयवंताची बोटं अशी झाली होती की काचेला ती माणसाची वाटेनातच. दहा वेळा बोट टेकवावं तर एकदा लागायचा, आणि तोही भलत्यालाच. एकदा तर पुण्याच्या भाच्याला, जितेशला, भर मीटिंगमध्ये लागला, आणि "येताना खत आणा" हा निरोप त्याला ऐकून घ्यावा लागला.

त्यानंतर रुपेशने मोठ्या उत्साहाने बोलण्यावर चालणारा प्रकार दाखवला. "आता बोट नाय लावायचं. नुसतं म्हणायचं, 'धाकलूला फोन लाव.'"

जयवंताने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. "तुला लाज हाय का रं?"

"बरं, मी तिथे 'बाबा' लिवलंय. 'बाबाला फोन लाव' म्हण."

"तो तुजा बाबा. मी माज्या नवऱ्याला बाबा बोलू?"

रुपेशने मग 'अहो' लिहून पाहिलं. पण 'अहो' हे काही नाव असतं का, असं त्या यंत्राला वाटत असावं. ते गप्पच राहायचं. शिवाय त्याच्याशी बोलायचं म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमाने, मंत्र म्हणावा तसे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की 'समजलं नाही'. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहिल्यासारखं अंग चोरून बोलावं लागायचं. सून दर्शना नवऱ्याला सरळ "ए रुपेश" म्हणून हाक मारी. जयवंताला सुरुवातीला ठसका लागायचा, मग सवय झाली. दर्शनाला ते यंत्र कधी अडलं नाही, सासूला मात्र रोज अडायचं. शेवटी रुपेशने हात टेकले, पुन्हा 'बाबा' लिहून टाकलं, आणि जयवंताने फोन फक्त आलेला उचलण्यापुरता ठेवला.

गेल्या दिवाळीत रुपेशने पुन्हा नवीन काहीतरी घालून दिलं. "आई, हे येगळं हाय. मंत्र नाय, काय नाय. हे बाजूचं बटण दाबून धरायचं नि माणसाशी बोलतेस तसं बोलायचं. कळतं तिला."

आता त्या यंत्राची एक बाई झाली होती. आवाज छान, मऊ. जयवंताला मुळीच भरवसा नव्हता, पण दर्शनाने आग्रह केला म्हणून तिने रीतीप्रमाणे विचारलं, "काय गं, जेवलीस का?"

"मी जेवत नाही," फोनमधली बाई म्हणाली, "पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. तुमचं झालं का?"

"जेवत नाय ती कामाला काय उभी राहणार?" असं म्हणून जयवंताने फोन उशाखाली सारला आणि विषय संपवला.

हे सगळं सांगायचं कारण माघातली संकष्टी. त्या दिवशी वाडीतली झाडून सगळी माणसं टेंपो करून लग्नाला गेली होती, रुपेश आणि दर्शना कामावर. जयवंताची गाय विण्याच्या बेतात, म्हणून ती घरी राहिली. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली होती, ती कर्जतला दुरुस्तीला न्यायची म्हणून धाकलू थांबला. त्याला साखर होती आणि रक्तदाबही. तरी संकष्टीचा उपवास तो सोडत नसे. डॉक्टर ओरडले की घरी येऊन सांगायचा, "डॉक्टरला काय कळतंय."

सकाळच्या गोळ्या द्यायचं काम जयवंताचं. प्रेशरच्या दोन, साखरेची एक. प्रेशरचं पाकीट निळं, साखरेचं लाल, असं तिचं पक्कं ठरलेलं. त्या दिवशी तिने निळ्यातल्या दोन आणि लालमधली एक काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. तो पाण्याबरोबर गिळून मोकळा झाला, मोटर स्कूटरच्या पायाशी बांधली, आणि गेला. पोटात घोटभर चहा तेवढा, तोही बिनसाखरेचा.

गोठ्यात एक फेरी मारून जयवंता आत आली. गोळ्यांची पाकिटं बिस्किटाच्या डब्यात परत ठेवताना दर्शनाचं बोलणं तिच्या कानात घुमलं. परवा दर्शना गोळ्या घेऊन आली होती तेव्हा दारातून म्हणाली होती, "आई, या खेपेला दुसऱ्या कंपनीच्या मिळाल्यात. रंग उलटे आहेत हां. निळ्यात साखरेच्या आहेत." त्या वेळी चुलीवर दूध उतू जात होतं आणि जयवंता "हा, हा" म्हणत तिकडे धावली होती.

तिने निळं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. दोन घरं रिकामी होती. म्हणजे साखरेच्या दोन गेल्या होत्या.

मागच्या वर्षी धाकलूची साखर अशीच खाली गेली होती, तीही एकाच गोळीवर, जेवायला उशीर झाला म्हणून. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, आणि तो बायकोलाच विचारतोय, "तुमी कोण?" डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, असं झालं की आधी गोड पोटात घाला, मग माझ्याकडे या. पण तेव्हा तो ओट्यावर होता. आता तो ट्रक, डंपर आणि टेंपोंच्या रस्त्यावर, स्कूटरवर होता, आणि त्याला हे तिनेच, स्वतःच्या हाताने केलं होतं.

ती दारात येऊन ओरडली. वाडीत चिटपाखरू नव्हतं. मग ती फोनकडे धावली. फोटोला बोट लावलं, अंगठा लावला, पदराला पुसून पुन्हा लावला. काच ढिम्म. बाजूचं बटण हाताला लागलं ते तिने जीव खाऊन दाबलं.

"बोला, काय मदत करू?"

"फोन लाव गं बाय. लवकर लाव."

"कोणाला लावू?"

"आमच्या ह्यांना."

"तुमच्या यजमानांना. त्यांचं नाव सांगाल का?"

फिरून फिरून पुन्हा तिथेच. नाव जिभेवर आलं होतं. ते तिथे कायमच असायचं, ती फक्त ओठ मिटून घ्यायची. पण आज, एवढं सगळं करून ठेवल्यावर, वर त्याचं नावही घ्यायचं? उरलंसुरलं आयुष्यही आपणच तोडायचं? आणि नाही घेतलं तर तो रस्त्यावर पडणार. तिला दोन्हीकडून नवरा जाताना दिसत होता. ती मटकन खाली बसली आणि तिचा बांध फुटला.

"नाव नाय घेत मी त्यांचं! कंदी घेतलं नाय, आज तर नायच घेणार. माज्या हातनं गोळ्या चुकल्या गं. साखरेच्या दोन दिल्या. उपास हाय त्यांना, पोटात काय नाय, नि स्कूटर घेऊन कर्जतला निघालेत. माज्या रुपेशचा बाप गं तो. तूच बघ नि तूच लाव. मला नको विचारू. त्यांना काय झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

एवढं बोलल्यावर आता ते 'समजलं नाही' येणार, अशी तिची खात्रीच होती.

"नाव घेऊ नका, गरज नाही," फोनमधली बाई म्हणाली. "तुमच्या फोनमध्ये रुपेश आहे, आणि 'बाबा' असा एक नंबर आहे. रुपेशचे बाबा तेच असणार. त्यांना लावते. त्यांनी उचलला की आधी गाडी बाजूला घ्यायला सांगा आणि लगेच काहीतरी गोड खायला लावा."

"लाव! लाव!" जयवंता म्हणाली, आणि भीतीने गारठलेल्या तिच्या छातीत कुठेतरी थोडी ऊब आली. दामूनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मध्ये उभं राहिलं होतं.

रिंग वाजली, वाजत राहिली, थांबली.

"उचलत नाहीत. गाडी चालवत असतील. घरात आणखी कोणाला कळवू का?"

रुपेशचा कारखाना फोन गेटवरच ठेवून घेतो. त्याला लावला, नुसताच वाजला. दर्शना शाळेवर शिकवायला. तिचा वर्गात बंद. जयवंताने कपाळावर हात मारून घेतला.

"परत लाव. आमच्या ह्यांना."

या वेळी त्या बाईने काहीच विचारलं नाही. रिंग वाजायला लागली आणि मध्येच कोणीतरी फोन उचलला. पण आवाज धाकलूचा नव्हता.

"हॅलो, कोण? मी योगेंद्र बोलतोय, चौकच्या नाक्यावरनं. माजं गॅरेज हाय. हे काका इथे येऊन बाकड्यावर बसले, नि आता काय बोलतच नायत नीट. घाम सुटलाय."

"बसलेत ना? पडले नाय ना?"

"नाय, नाय. बसलेत. पण डोळे मिटतायत सारखे."

"साखर खाली गेलीय त्यांची! गोड दे रं बाबा काय तरी, आत्ताच्या आत्ता दे!"

"शेजारी उसाचा रस हाय, मागवतो. पण गिळायला जागे तर पायजेत. काकी, नाव काय ह्यांचं? हाक मारतो."

"धाकलू!" जयवंता ओरडली. "धाकलू म्हण! जोरात हाक मार, धाकलू!"

योगेंद्रने फोन कानापासून तसाच लांब धरून हाका मारल्या असाव्यात. "धाकलूकाका! ओ धाकलूकाका! हे बघा, घोट घ्या." मग नुसतीच वाहनांची घरघर आली. जयवंता दोन्ही हातांनी फोन कानावर दाबून बसली होती. आपण काय बोलून बसलो हे आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं होतं. ती घरघर संपता संपत नव्हती.

"घेतायत काकी. अर्धा गिलास गेला. आता स्वतः धरलाय गिलास."

आणखी काही वेळाने एक घोगरा, चिडका आवाज आला. "काय गं, कशाला बोंबलतेस? रस पितोय मी."

ह्यापेक्षा गोड बोलणं धाकलूने उभ्या जन्मात बायकोशी केलं नव्हतं. जयवंता उंबऱ्यावर टेकली आणि मोकळ्या गळ्याने रडली. रडता रडता ती हसतही होती. गोठ्यातून गाय मान वळवून बघत राहिली. मागच्या सगळ्या वर्षांतलं, पाळी सुटूनही घरी न आलेल्या प्रत्येक संध्याकाळचं ओझं त्या रडण्यात वाहून गेल्यासारखं तिला वाटलं. शेवटी तिने तोंड धुतलं, गायीला पेंढा टाकला, आणि लाल-निळी दोन्ही पाकिटं उचलून माळ्यावर फेकून दिली. मग पुन्हा शिडी लावून खाली काढली, कारण गोळ्या उद्याही लागणार होत्या.

योगेंद्र भला माणूस. त्याने धाकलूला चौकच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, दुपारभर बसवून ठेवलं, वरणभात खायला लावला आणि संकष्टीचं गणपतीला मी सांगतो, असं म्हटलं. दिवस कलताना योगेंद्र टेंपोत स्कूटर आणि मोटर घालून धाकलूला घरी घेऊन आला. जयवंताने भाकरतुकडा ओवाळून टाकला, धाकलूवरून आणि योगेंद्रवरूनही. योगेंद्र चहा पिऊन गेला.

रुपेशला सुटताना गेटवर फोन परत मिळाला तेव्हा तो धावतपळत आला, त्याच्या मागोमाग दर्शना. पाहतात तर धाकलू पाटावर बसून पोपटी वालाचं बिरडं ओरपतोय. सगळी हकीकत सांगून झाली. दर्शना निळं पाकीट हातात घेऊन, मीच नीट समजावायला हवं होतं, म्हणून डोळे पुसत होती, आणि जयवंता तिला, दूध तर माजंच उतू जात होतं, म्हणून समजावत होती.

धाकलूच्या अंगात आता चांगलीच ताकद आली होती. "रुपेश, तुला एक सांगू? तुज्या आईनं आज माजं नाव घेतलं. चौकच्या नाक्यावर, भर रस्त्यात. सगळ्या गॅरेजनं ऐकलं."

"घेतलं तर घेतलं," जयवंता तव्याकडे बघत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"परत एकदा घे की."

"परत असे बसा नाक्यावर डोळे मिटून, मग घेते."

सगळे हसले. जयवंताही हसली, आणि एकदम तिने हात झटकले, तवा उतरवला आणि फोन शोधायला लागली.

"आता कोणाला लावतेस?" रुपेशने विचारलं.

"तिला. कळवायला नको?"

"कोणाला? फोनमधल्या बाईला? अगं आई, ती माणूस नाय. तिला कळवायचं नसतं काय."

"सकाळी एवढी धावपळ केली तिनं माज्यासाठी. नि पुढे काय झालं तिला कोण सांगणार? तू?"

फोन घेऊन जयवंता ओट्यावर गेली. बाजूचं बटण तिने या वेळी हलकेच दाबलं.

"बोला, काय मदत करू?"

"मदत नको गं," जयवंता म्हणाली. "सांगायला आले. ते आले घरी. बरे हायत, जेवतायत. आता तू नको जिवाला लावून घेऊ."